खालच्या ओळीतलं नाव

आमच्या घरी खिचडी आणि छापखान्याचे रूळ एकाच चुलीवर शिजत. हे वाचून माझी पुण्याची सूनबाई नाक मुरडेल, मुरडू दे. यंत्राला शाई लावणारे रूळ तेव्हा मलकापुरात तयार मिळत नसत. सरस आणि गूळ एकत्र कढवायचा, पत्र्याच्या नळकांड्यात ओतायचा आणि निवला की रूळ तयार. सरसाचा वास असा की त्या दिवशी मांजरसुद्धा आमच्या भिंतीवरून जात नसे, आणि गुळापायी मुंग्यांची मात्र दिवाळी. उन्हाळ्यात हे रूळ पाघळत. आमच्याकडचं ऊन माणसाला पाघळवतं, तिथं गुळाची काय कथा! मग आई ते दोरानं बांधून विहिरीत पाण्याच्या वर टांगून ठेवायची. एकदा घरी आलेले पाहुणे पाणी शेंदायला वाकले आणि दचकून मागे सरले. "वहिनी, विहिरीत काय लटकून राह्यलं हो?" आईनं मान वर न करता सांगितलं, "या आठवड्याचा अंक हाय."

तो अंक म्हणजे आमचं 'तेजीमंदी' साप्ताहिक. चार पानं, जाडाभरडा कागद, आणि आत कापूस, रुई, सरकी, ज्वारी, तीळ, सोनं, चांदी यांचे भाव. शिवाय मेहकरहून आलेलं पत्र, साखरखेर्ड्याहून आलेलं पत्र, कुठं पाऊस उतरला आणि कुठं बोंड अळीनं खाल्लं त्याची खबर. कविता नाही, गोष्ट नाही, पुढाऱ्यांची भाषणं तर मुळीच नाहीत. नाना, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की भाषण शिळं झालं तरी चालतं, भाव शिळा झाला तर विष होतो. नाना एका खाजगी शाळेत मास्तर होते. मुंबईला त्यांचा मावसभाऊ कापसाच्या पेढीवर कारकून होता, तो आठवड्यातून एकदा तार करायचा. नाना ती तार आधी नुसती पाटीवर लिहून दारात टांगत. खेड्यापाड्यांतली माणसं बैलगाडी थांबवून पाटी वाचत, ज्यांना वाचता येत नसे ते वाचणाऱ्याला वाचायला लावत, आणि गल्ली अशी तुंबायची की शेजारच्या न्हाव्यानं वैतागून नानांना सांगितलं, "मास्तर, एक तं पाटी काढा, नाई तं छापून वाटा." नानांनी दुसरं ऐकलं. अकोल्याहून पायानं चालवायचं जुनं यंत्र आणलं, ते पुढच्या खोलीत बसवलं, आणि त्या दिवसापासून आमचं घर खटक्-धप्, खटक्-धप् करू लागलं. मला अजून त्या तालाशिवाय चांगली झोप लागत नाही. पंखा थोडा बिघडून आवाज करायला लागला की बरं वाटतं, मुलगा उगीच तो दुरुस्त करतो.

छापायच्या दिवशी खिचडी ठरलेली. भाकरी करायला दोन्ही हात चुलीशी लागतात, आणि आईचे दोन्ही हात त्या दिवशी खिळ्यांत असत. शिशाचे एकेक अक्षराचे खिळे लाकडी खणांतून वेचून ओळ जुळवायची, हे काम आई आणि भाऊकाका करत. भाऊकाका म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, आमच्याकडेच राहत. आई शाळेत गेलेली नव्हती. ती अक्षरं शिकली ती खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. छापलेलं पान तिच्यापुढं ठेवलं तर अडखळायची, आणि खिळ्यांच्या जुळवलेल्या ओळींचा फर्मा मात्र पाण्यासारखा वाचायची. खिचडीबरोबर जवसाची चटणी, कच्चं तेल आणि कांदा. चटणीच्या वासात शाईचा आणि रॉकेलचा वास मिसळलेला. आम्ही भावंडं ती खिचडी शाईच्या बोटांनीच खायचो आणि काही झालं नाही कोणाला.

आता नावांचा घोळ सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. शाळेचा नियम असा की मास्तरानं वर्तमानपत्र चालवायचं नाही. त्यामुळे पत्राचा प्रत्येक शब्द नानांचा, पण संपादक म्हणून नाव भाऊकाकांचं. राहिला छापणारा. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात कायदा होता की छापखानेवाल्यानं मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहून जबानी द्यायची आणि प्रत्येक अंकाच्या तळाशी आपलं नाव छापायचं. काका म्हणाले, दोन्हीकडे माझंच नाव नको, उद्या काही झालं तर मी एकटाच सापडेन. म्हणून आईचं नाव द्यायचं ठरलं. आई नऊवारी नेसून, नथ घालून कचेरीत गेली, मी तिचा पदर धरून मागे. साहेबानं दुभाष्यामार्फत विचारलं, "या छापखान्यात जे छापलं जाईल, त्याची जोखीम तुमची. समजलं का बाई?" नाना मधे बोलायला गेले तर साहेबानं हात वर करून त्यांना गप्प केलं. आईनं साहेबाकडे पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाली, "हाव." दुभाष्याला त्याचं इंग्रजी करावंच लागलं नाही.

त्या दिवसापासून प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला, आमच्याकडच्या सगळ्यांत बारीक खिळ्यांत एक ओळ यायची : हे पत्र सौ. द्वारकाबाई यांनी आपल्या छापखान्यात छापून प्रसिद्ध केले. ती इतकी बारीक की मुंगी मेलेली पडावी तशी दिसायची. नानांनीच तो खिळा निवडला होता. कायद्यापुरतं आहे, म्हणायचे. पण ती ओळ आई कोणालाच जुळवू द्यायची नाही.

मुंबईचा भाव तारेनं यायचा, पण मलकापूरचा भाव मिळवणं महाकठीण. बाजारात सौदा तोंडानं होत नसे. दलाल आणि घेणारा एकमेकांचा हात हातात घेत, वर रुमाल टाकत, आणि आत बोटं दाबून भाव ठरायचा. बघणाऱ्याला नुसता रुमाल हललेला दिसे. शेतकऱ्याचा माल त्याच्याच डोळ्यांदेखत विकला जायचा आणि भाव त्याला दुसरेच कोणी सांगत. या रुमालाखालचं नानांना कळायचं ते करीमचाचांमुळे. करीमचाचा कापसाचे दलाल, पांढरी दाढी, अत्तराचा वास, आणि आवाज असा की बोलले तर खिडकीच्या कड्या वाजाव्यात. पण भाव म्हटला की त्यांची वाचा बसे. जन्मात त्यांनी तोंडानं भाव उच्चारला नव्हता. अंकाच्या आदल्या दुपारी ते आमच्या ओसरीवर येत, माठातलं पाणी पीत, सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या करत, आणि मधेच नानांचा हात धरून वर आपला चौकड्यांचा रुमाल टाकत. नाना आत येऊन आकडा सांगत. मला लहानपणी वाटायचं की चाचा दर आठवड्याला नानांचा ताप बघतात. पुढे नवल वाटायला लागलं तेव्हा चाचांनीच हसत हसत माझ्या हातावर रुमाल टाकून बोटांची भाषा शिकवली. कोणतं बोट धरलं म्हणजे काय, पेर दाबलं म्हणजे काय, तळहातावर खरवडलं म्हणजे अर्धा. मी पटकन शिकले. चाचा म्हणाले, "बेटी, तू तं दलाल व्हशील!" आजी असती तर रागावली असती, आई हसली.

माझं वय तेव्हा लग्नाच्या गोष्टी सुरू होण्याचं होतं. त्या हिवाळ्यात नानांच्या डोळ्यात पडदा आला आणि ते अकोल्याला दवाखान्यात शस्त्रक्रियेला गेले. पत्र काकांवर सोपवून गेले. नेमक्या त्याच आठवड्यात मुंबईची तार आली ती तेजीची. रुई एकदम वर गेली होती. आम्ही खूश, असा अंक म्हणजे हातोहात खपणार. छापायच्या दिवशी दुपारी जिनवाल्या शेठजींचा मुनीम आला. शेठजी म्हणजे गावातली सगळ्यांत मोठी जिनिंग फॅक्टरी ज्यांची ते, आणि आमच्या शेवटच्या पानाची जाहिरातही त्यांचीच. मुनीमजींनी काकांच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. "मुंबईची तार उशिरा आली असं समजा. आणि मलकापूरचा भाव हा छापा. गेल्या वेळचाच हाय, बाजार थंडा हाय." मग आवाज उतरवून म्हणाले, "मास्तरांची तब्येत सांभाळा. शाळेच्या कमिटीत शेठजी हायेत, तुमाले मालूमच हाय. पत्र कोन लिहितं तेबी समद्याइले मालूम हाय."

काका वाईट नव्हते. आज मला त्यांची दयाच येते. भाऊ दवाखान्यात, घरात खाणारी तोंडं, आणि एवढा मोठा माणूस दारात येऊन गोड बोलून गेलेला. त्यांनी चिठ्ठी समोर ठेवली आणि घाम पुसत पुसत भाव जुळवायला घेतला. जिनवाल्यांनी सगळ्यांनी मिळून एकी केली होती, हे त्यांनाही कळलं होतं. आपसात रुमालाखाली चढा भाव, आणि शेतकऱ्याला तोंडानं जुना. उद्याच्या बाजारात जो कापूस घेऊन येईल तो फसणार, आणि फसताना त्याच्या हातात आमचा अंक असणार.

आई चुलीवर खिचडी ठेवून आली. फर्म्यावर वाकली आणि उलटी ओळ सरळ वाचावी तशी वाचून गेली. "भाऊजी, तार तेजीची आन् भाव जुनाच? हे कसं?"

काकांनी चिठ्ठीचं सांगितलं. नोकरीचंही सांगितलं. "वयनी, नानाची नोकरी जाईन. मंग खाऊ काय आपण? सरस आन् गूळ?"

 आईला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही, तिचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता, आणि आई चाळा करणारी बाई नव्हती. मग तिनं तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे नाव कोनाचं हाय?"

"तुमचं. पन ते कायद्यापुरतं..."

"साहेबापुढं उभी मी होती ना? त्यानं मले इचारलं, मी हाव म्हटलं. खोटा भाव आन् खाली माहं नाव? लोक उद्या पोराबाळाइले दाखवतीन, पाह्य, या बाईनं आपल्याले बुडवलं. नाई जमत." काका म्हणाले, मग खरा भाव तरी कुठून आणणार, करीमचाचा काही या खेपेला येणार नाहीत. सगळ्या दलालांकडून शेठजींनी शपथ घेतलीय की भाव तोंडातून बाहेर काढायचा नाही. आई म्हणाली, "पाहू."

आणि ओसरीवर खाकरणं ऐकू आलं. चाचा आले होते, नेहमीच्याच वेळेला. पण त्या दिवशी उखाळ्यापाखाळ्या नाहीत, पाणीसुद्धा मागितलं नाही. खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, "भाभी, शपथ खाल्ली म्या. जबान बंद हाय माही." आई दाराआड उभी होती. आत काका कान देऊन. चाचांनी खिशातून चौकड्यांचा रुमाल काढला, मांडीवर पसरला, त्याच्या चुण्या हातानं सारख्या केल्या आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "हाताची शपथ कोनी घेतली नाई."

पण हात द्यायचा कोणी? नाना अकोल्याला. काकांना बोटांची भाषा येत नव्हती, आणि येत असती तरी त्या दिवशी त्यांचा हात पुढं झाला नसता. आईनं परक्या माणसाच्या हातात हात देण्याचा प्रश्नच नव्हता. तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "कुसुमे, जाय."

मी गेले. हात धुवायलाही वेळ नव्हता, बोटं शाईनं काळी. वयात आलेली मुलगी, भर दुपारी, रस्त्याकडच्या ओसरीवर, बाप्या माणसाच्या हातात हात देऊन बसते. समोरून जाणारे थबकले असतील, मी पाहिलं नाही. चाचांनी माझा हात घेण्याआधी मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "मास्तरची पोरगी म्हंजे माही पोरगी." मग रुमाल टाकला. त्यांचा हात थंड होता. इतकी वर्षं सौदे केलेला हात, पण शेठजींच्या विरोधात कधी हलला नसेल. एक बोट, मग दुसरं, मग पेर, मग तळहातावर खरवडलं. मी पुन्हा विचारलं, म्हणजे माझ्या बोटांनी तेच त्यांच्या हातावर दाबलं. त्यांनी मान हलवली, रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि चालू लागले. मी आत जाऊन आईच्या कानात आकडा सांगितला. तो आकडा आज लिहून काय उपयोग? हल्ली तेवढ्यात चहाचा कपही येत नाही.

आईनं काकांनी जुळवलेले खिळे फर्म्यातून उपसले आणि नवे बसवले. काका कपाळाला हात लावून बसले होते. "वयनी, विचार करा. कोन छापीन हे?" आई म्हणाली, "मी छापतो." आमच्याकडे बायाही 'करतो', 'जातो', 'छापतो' असंच म्हणतात. सूनबाईला ते ऐकून अजून हसू येतं. पण त्या दिवशी तो शब्द तिच्या तोंडून ऐकायला हवा होता. ती यंत्रावर उभी राहिली, पाय मारायला लागली, मी कागद लावत गेले. खटक्-धप्, खटक्-धप्. थोड्या वेळानं काका उठले, मुकाट्यानं अंकांच्या घड्या घालू लागले. खिचडी खाली लागली. तशीच खाल्ली, आणि मी खाल्लेल्या सगळ्या खिचड्यांत तीच मला आठवते.

दुसऱ्या दिवशी बाजार. सकाळीच अंक गेले. दिवस थोडा वर येतो न येतो तोच मुनीमजी हातात अंक फडकावत दारात. मागे बघ्यांची ही गर्दी. शेजारचा न्हावी तर गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून आला होता आणि गिऱ्हाईकही फेसासकट त्याच्या मागे. "कोन बोललं हा भाव? नाव सांगा!" काका आत लपले. आई डोक्यावरचा पदर नीट करून उंबरठ्यात आली. म्हणाली, "कोनी नाई बोललं."

"मंग काय सपनात आला?" मुनीमजी माझ्याकडे वळले. "पोरी, तू सांग. खरं सांग. कोन बोललं?" मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं, "कोणीच नाही बोललं. देवाशपथ." आणि ते शंभर टक्के खरं होतं. कोणी चकार शब्द काढला नव्हता. गर्दीत करीमचाचा उभे होते, आभाळाकडे पाहत, जसं काही ढगच मोजायचे आहेत.

"पन छापनारा कोनी तं असंन!" मुनीमजी ओरडले. आई म्हणाली, "खाली नाव हाय. वाचा." त्यांनी अंक उलटला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. चष्मा विसरून आले होते. "कुठी हाय?" "अजून खाली." "काई दिसत नाई." गर्दीत खसखस पिकली. शेवटी आई स्वतःच म्हणाली, "द्वारकाबाई. मीच ते." हे नाव तिनं चारचौघांत उच्चारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.  बाईमाणसाशी काय भांडायचं याचा हिशोब मुनीमजींकडे नव्हता. गेले तणतणत.

तिकडे बाजारात गाड्या येत होत्या, पण जुवाखालचे बैल कोणी सोडत नव्हतं. प्रत्येक गाडीवर अंक. कोणी वाचतंय, बाकीचे ऐकताहेत. घेणारे आले, त्यांनी जुना भाव सांगितला. गाडीवाले म्हणाले, "आमी खामगावच्या बाजाराचा रस्ता धरतो." एक गाडी तर खरंच वळली. दुपार होईतो एक छोटा जिनवाला एकीतून फुटला, त्यानं अंकातला भाव दिला, आणि मग सगळ्यांनाच द्यावा लागला. शेठजींनाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही, चाचांनी संध्याकाळी ओसरीवर येऊन सांगितलं, आणि यावेळी तोंडानं, खणखणीत आवाजात, कड्या वाजवत. दोन पेले पाणी प्यायले.

नाना परतले ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. वाचायची मनाई. मी त्यांना अंक वाचून दाखवला. मी भावाशी आले तसे नाना उठून बसले. "हा कोणी आणला?"  मी आईच्या पदराचं टोक त्यांच्या हातावर टाकलं आणि खालून बोटं दाबली, तोच आकडा, तसाच. नाना कितीतरी वेळ माझा हात सोडेनात. पट्टीखालून पाणी आलं, तर आई ओरडली, "डोळा ओला नोका करू, डाक्टरनं सांगतलं हाय!"

नोकरी मात्र गेली. शेठजींनी शब्द पाळला, एवढं म्हणायला हवं. जाहिरातही गेली. काही महिने आम्ही भाकरीबरोबर नुसता ठेचा खाल्ला, पण अंक खपायचा थांबेना. ज्या गावांत कधी पोचला नव्हता तिथून माणसं मागायला येत. साखरखेर्ड्याच्या एका गाडीवानानं तर अंकाच्या बदल्यात वांग्यांची टोपली आणून ओतली. पुढे मला भावाची पानं लिहायला मिळाली, लग्नानंतरही. आज माझा नातू टीव्हीवर भाव बघतो, पडद्याच्या खालून पट्टी सरकत असते. मी त्याला विचारते, "खाली नाव कोणाचं आहे रे?" तो म्हणतो, "आजी, नाव नसतं." नसतं तर नसतं. मी चष्मा काढून ठेवते.

डोळ्यावरची हिरवी पट्टी निघाल्यावर नाना एक दिवस आईला म्हणाले, "नोकरीच गेली, आता मला कसली चोरी नाही. भाऊचंही नाव काढू, तुझंही काढू. दोन्हीकडे माझं घालू. उद्या कचेरीत जाऊन जबानी बदलून येतो."

आई खिळे वेचत होती. "भाऊजीचं काढा," म्हणाली. "माहं काऊन काढता? हाव मी म्हटलं होतं, तुमी नाई."

 पुढचा अंक छापायला घेतला तेव्हा तळाची ओळ नानांनी आधीच जुळवून ठेवली होती. 'तेजी' हा मथळा ज्या खिळ्यांत यायचा त्याच खिळ्यांत, सबंध पानभर रुंद : सौ. द्वारकाबाई. आईनं ती वाचली, उलटी. गालात हसली. मग एकेक अक्षर काढून खणात परत टाकलं आणि मधल्या मापाचे खिळे घेतले.

"इतलं मोठं नको," म्हणाली. "मुनीमजीले चष्म्याबिगर वाचता आलं म्हंजे झालं."